डोक्यावरचं पितळ

मे महिन्यातल्या भर दुपारी बालाघाटहून भाचीचा फोन आला. ती रडत नव्हती, पण रडून झालेलं आवाजावरून कळत होतं. "मावशी, तू आयुष्यभर केमिस्ट्री शिकवलीस ना? मग एवढंच सांग, हे नीट होईल का?" पाठोपाठ फोटो आले. तिला हवा होता राखेची झाक असलेला फिकट सोनेरी रंग. मोबाइलवरचा कुठलासा फोटो दाखवून तिने पार्लरमधून हायलाइट्स करून आणले होते. झालं होतं ते असं: प्रत्येक बट टाळूजवळ अंड्याच्या बलकासारखी पिवळी, आणि चार बोटं खाली उतरली की संत्र्याच्या सालीसारखी. घरात चुलतभावाचं लग्न नऊ दिवसांवर आलेलं.

फोनमध्ये मागून तिच्या आजीचा, म्हणजे माझ्या ताईच्या सासूबाईंचा आवाज येत होता. "काय वं पोरी, डोक्शावर पितळ ओतून आली का?" आणि जरा वेळाने, "पांढरं लुगडं पिवळं पडलं तं आपण का करतो? नीळ देतो. देऊन पाहा म्हणा थोडी नीळ."

तिकडे सगळे हसले. इकडे नागपुरात मी मात्र खुर्चीवरून उठून उभी राहिले. म्हातारीने निदानही केलं होतं आणि औषधही सांगितलं होतं. पार्लरच्या भाषेत या बिघाडाला केस 'ब्रासी' होणं म्हणतात, आणि ब्रास म्हणजे पितळच. त्यावर जगभरच्या पार्लरांत जे जांभळे शाम्पू आणि निळसर टोनर वापरतात, त्यांचं तत्त्व नीळ देण्याचंच आहे. आजींना हे कोणी शिकवलेलं नव्हतं. त्यांनी फक्त लुगड्याकडे नीट पाहिलं होतं.

एखाद्याचं पितळ उघडं पडलं असं आपण म्हणतो, तेव्हा वरचा मुलामा झिजून आतला खरा धातू दिसलेला असतो. केसांच्या बाबतीत हा वाक्प्रचार शब्दशः खरा आहे. पार्लरवालीने पोरीच्या डोक्यावर पितळ ओतलेलं नव्हतं. ते तिथेच होतं, जन्मापासून. काळा मुलामा तेवढा निघाला.

हे पटायला काकवी आठवा. गुऱ्हाळातल्या भांड्यात पाहिली तर काकवी काळीभोर. पळीने उचलून वरून धार सोडली की तीच तांबूस, धार बारीक झाली की नारिंगी, आणि शेवटचा तंतू सोन्यासारखा. काकवीत काहीच बदललेलं नसतं, फक्त थर पातळ झालेला असतो. तिच्यातल्या रंगद्रव्याचा गुण असा की ते निळा प्रकाश सर्वांत जास्त गिळतं आणि तांबडा सर्वांत कमी. थर जाड असेल तर सगळाच प्रकाश आत संपतो आणि आपल्याला काळं दिसतं. थर पातळ होत गेला की आधी तांबडा निसटतो, मग नारिंगी, मग पिवळा.

आपल्या केसांतलं मेलॅनिन हीच काकवी. केसाच्या वजनात त्याचा वाटा जेमतेम 1 ते 3 टक्के. बाकी सगळं मुख्यतः केराटिन नावाचं प्रथिन. एवढ्याशा ऐवजावर काळ्याभोर वेणीचा सगळा थाट उभा असतो. मेलॅनिनच्या दोन जाती आहेत. युमेलॅनिन काळं-तपकिरी, आणि फिओमेलॅनिन तांबूस-पिवळं. आपल्या केसांत पहिल्याचीच चलती. ब्लीच लावलं की युमेलॅनिनचे सूक्ष्म दाणे आधी विरघळतात आणि मग त्यांचा रंग उडत जातो. ते जसजसं उणं होतं तसतसा केस काकवीच्या धारेप्रमाणे काळ्यावरून तांबड्यावर, तांबड्यावरून नारिंगीवर आणि नारिंगीवरून पिवळ्यावर येतो. या वाटेवरचं एकही गाव गाळता येत नाही. पार्लरवाल्या या प्रवासातल्या टप्प्यांना लेव्हल म्हणतात. 1 म्हणजे काळाकुट्ट, 10 म्हणजे फिकट पिवळसर. 5 आणि 6 वर लाल-नारिंगी आणि नारिंगी, 7 वर नारिंगी-पिवळा, 8 वर पिवळा. भाचीला जायचं होतं 9 वर. तिच्या बटा टाळूजवळ 8 पर्यंत पोचल्या होत्या आणि खाली 6 वरच अडकल्या होत्या.

एकाच बटेत हा भेद का, तर टाळू ऊबदार असतो आणि ऊब लागली की रासायनिक क्रिया वेगाने चालते. म्हणून जाणत्या हाताने ब्लीच करताना आधी मधल्या भागाला लेप लावतात आणि मुळांना सगळ्यात शेवटी. इथे घाई झाली असावी. मेमधल्या उकाड्याने उरलेलं केलं.

ब्लीचमध्ये दोन गोष्टी असतात. एक म्हणजे परसल्फेट क्षारांची पावडर, आणि दुसरी डेव्हलपर, म्हणजे मलईसारखं केलेलं हायड्रोजन पेरॉक्साइड. डेव्हलपरच्या बाटलीवर 10, 20, 30 असे व्हॉल्यूमचे आकडे असतात. बऱ्याच जणींना ते 'कडकपणाचे नंबर' वाटतात, पण त्यांना सुरेख अर्थ आहे. 20 व्हॉल्यूम म्हणजे त्या द्रवाच्या एका मिलिलिटरमधून 20 मिलिलिटर ऑक्सिजन वायू निघू शकतो. टक्क्यांत सांगायचं तर 10 व्हॉल्यूम म्हणजे 3 टक्के पेरॉक्साइड, 20 म्हणजे 6, 30 म्हणजे 9. एका थेंबात वीस थेंबांचा वायू दडून बसलेला असतो आणि केसात शिरून तो मोकळा होतो! मुलांना हे शिकवताना इतकी वर्षं मला कधी कंटाळा आला नाही.

पेरॉक्साइड शोधलं फ्रान्सच्या लुई जाक तेनारने, 1818 साली. ते केसांवर यायला जवळपास अर्धं शतक गेलं. 1867 च्या पॅरिस प्रदर्शनात लंडनचा रसायनज्ञ थिएले आणि पॅरिसचा केशकर्तनकार ह्यूगो यांनी त्याने केस सोनेरी करून दाखवले. त्याआधी सोनेरीपणाची हौस भागवायला फार सोसावं लागे. सोळाव्या शतकातल्या व्हेनिसच्या बायका वरचा भाग कापून टाकलेली, नुसत्या काठाची टोपी घालून गच्चीवर उन्हात बसत. टोपीच्या भोकातून केस बाहेर काढून काठावर पसरायचे, त्यांना औषधी पाणी लावत राहायचं, आणि गोरा चेहरा मात्र काठाच्या सावलीत ठेवायचा. आपल्याकडे आजही कॅप हायलाइट्स करताना भोकं पाडलेली रबरी टोपी डोक्यावर घट्ट बसवतात आणि आकडीच्या सुईने बटा बाहेर ओढतात. भोक आणि टोपीची जोडी काही सुटली नाही.

आता कळीचा प्रश्न. पिवळा नको असेल तर आणखी ब्लीच करून तोही घालवावा, असं कोणालाही वाटेल. भाचीलाही वाटलं. मी फोनवर जवळजवळ ओरडलेच. कारण त्या शेवटच्या पिवळ्यातला बराचसा भाग रंगद्रव्याचा नसतोच. केराटिन स्वतःच फिकट पिवळसर असतं. भिंतीचा जुना रंग खरवडत खरवडत आपण विटेपर्यंत आलो, आणि विटेचा रंग आवडला नाही म्हणून वीटही खरवडायला घेतली, तर जे होईल तेच इथे होतं. केसाची ताकद केराटिनमधल्या गंधकाच्या जोडबंधांत असते. नेहमीच्या ब्लीचमध्येच त्यांतले सुमारे 15 ते 25 टक्के तुटतात. अतिरेक झाला तर 45 टक्क्यांपर्यंत. शिवाय केसाच्या बाहेरच्या खवल्यांवर स्निग्धाचा एक तलम थर असतो. केस पाण्याने लगेच चिंब होत नाहीत आणि बोटांतून सरकतात ते त्याच्यामुळे. तोही ब्लीचमध्ये जातो. मग केस ओले असताना रबरासारखे ताणले जातात आणि वाळले की गवतासारखे वाजतात.

थोडक्यात, पिवळा काढायचा नाही. त्याच्यावर काहीतरी घालायचं. आणि इथे शाळेतलं 'तानापिहिनिपाजा' कामाला येतं.

तांबडा, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, पारवा, जांभळा. इंद्रधनुष्याचे हे सात रंग न्यूटनने मोजले, आणि 1704 च्या 'ऑप्टिक्स'मध्ये त्यांची सरळ पट्टी वाकवून तिचं चक्र केलं. जांभळ्याचं टोक तांबड्याला आणून जोडलं. तुम्हीही करून पाहा. ताटाच्या कडेने सारख्या अंतरावर सात दाणे मांडा आणि त्यांना ता, ना, पि अशी नावं द्या. आता 'ता'च्या बरोबर समोर काय येतं? एक दाणा येत नाही, हि आणि नि यांच्या मधली जागा येते. 'ना'च्या समोर नि आणि पा यांच्या मधली. 'पि'च्या समोर पा आणि जा यांच्या मधली. समोरासमोरचे रंग एकमेकांना मारतात, म्हणजे एकत्र आले की दोघांचाही रंगेलपणा जाऊन करडेपणा उरतो. तांबड्याला मारायला निळसर हिरवा, नारिंगीला निळा, पिवळ्याला जांभळा.

आणि केस ब्लीच होताना कोणत्या क्रमाने रंग दाखवतात? ता, मग ना, मग पि.

हे मला इतक्या वर्षांत कधी सुचलं नव्हतं. शब्दाचा पहिला निम्मा भाग म्हणजे दुखणी, क्रमवार. आणि दुसरा निम्मा म्हणजे त्यांची औषधं, तीही क्रमवार. लाल झालेल्या केसांना हिरवट टोनर, नारिंगीला निळा, नारिंगी-पिवळ्याला पारवा, पिवळ्याला जांभळा. हेअर कलरच्या ट्यूबवरचे आकडेही हेच सांगतात. पॉइंटच्या आधीचा आकडा लेव्हल, नंतरचा झाक. बऱ्याच कंपन्यांच्या रीतीत .1 म्हणजे राखेची, निळ्याकडे झुकणारी झाक; .2 म्हणजे जांभळट; .3 सोनेरी; .4 तांब्याची. कंपनीगणिक थोडा फरक असतो, म्हणून पार्लरमध्ये त्यांचा रंगतक्ता मागून घ्यावा.

भाचीने घाबरून दुकानातून जांभळा शाम्पू आणला होता आणि तीनदा लावला होता. टाळूजवळचा पिवळा थोडा निवला. खालचा नारिंगी जिथल्या तिथे. होणारच. तिथे जांभळ्याचा वैरी नव्हता, निळ्याचा होता. औषध खरं, दुखणं दुसरं.

आता आजींच्या निळीकडे वळू, कारण तिच्यात एक चकवा आहे. पिवळट लुगडं निळीच्या पाण्यातून काढलं की ते पांढरंशुभ्र दिसतं. पण मोजमाप केलं तर नीळ दिलेलं कापड आधीपेक्षा कमी प्रकाश परत पाठवतं. पिवळट कापडात निळ्याची उणीव होती. नीळ ती भरून काढत नाही, उरलेल्या पिवळ्या-तांबड्यातून थोडं कापते, आणि सगळ्यांना सारखं गरीब करते. डोळा म्हणतो, वा, शुभ्र! खरं तर कापड थोडं करडं झालेलं असतं. दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून भिंतीला देतात, तोही हाच प्रकार. हल्लीच्या कपड्यांच्या पावडरीत चमक आणणारी जी द्रव्यं असतात ती निराळी. ती न दिसणारा अतिनील प्रकाश गिळून निळा प्रकाश बाहेर टाकतात, म्हणजे खरोखर भर घालतात. नीळ मात्र वजाबाकीच करते. टोनरही. म्हणून टोनर लावलेल्या बटा आधीपेक्षा किंचित गडद दिसतात आणि बायका तक्रार करतात की रंग 'डल' झाला. तो व्हायलाच हवा.

नीळ म्हणजे एके काळी झाडाची नीळ. पुढे धुण्यासाठी आली ती अल्ट्रामरीनची. हा रंग पूर्वी अफगाणिस्तानच्या बदख्शानमधल्या लाजवर्द दगडापासून दळून काढत, आणि युरोपात त्याची किंमत सोन्याच्या बरोबरीने होत असे. 1820 च्या दशकात फ्रान्समधल्या गिमेने तो चिनी माती, सोडा आणि गंधक यांच्यापासून भट्टीत बनवला, आणि राजेशाही निळा धोब्याच्या टोपल्यात येऊन पडला. 1983 साली केरळच्या एम. पी. रामचंद्रन यांनी आणलेला उजाला तर निळ्यावरून सरळ जांभळ्यावर गेला. पिवळ्याचा खरा वैरी तोच. आता गंमत पाहा. पार्लरमधली ब्लीच पावडर बऱ्याचदा फिकट निळी असते. डबा फिरवून घटकांची बारीक अक्षरं वाचली तर त्यात अनेकदा सीआय 77007 हा क्रमांक सापडतो. हा अल्ट्रामरीनचा क्रमांक. म्हणजे आजी म्हणत होत्या ती नीळ पोरीच्या डोक्याला आधीच लागून गेलेली असू शकते, फक्त नारिंगीला पुरेल इतकी नाही.

जांभळ्या शाम्पूतला रंग मात्र अल्ट्रामरीनच्या घराण्यातला नसतो, तो कृत्रिम रंगांच्या घराण्यातला. त्या घराण्याचा मूळपुरुषच जांभळा होता. 1856 साली लंडनमध्ये अठरा वर्षांचा विल्यम पर्किन हिवतापावरचं क्विनाइन बनवायला बसला आणि भांड्यात उरलेल्या काळ्या गाळातून त्याला जांभळा रंग मिळाला. लहानपणी तोंड आलं की आई बोटाने लावायची ते जांभळं औषध याच गोतावळ्यातलं.

पण मला खरं सांगायचंय ते बालाघाटच्या दगडाबद्दल.

ताईकडे जाताना गोंदियाहून रेल्वेने आपण वैनगंगेकाठच्या बालाघाटला पोचतो. शहराला लागूनच भरवेली. तिथे मॉइलची मँगनीजची खाण, कंपनीच्या खाणींत सर्वांत मोठी. मॉइलचं मुख्यालय आमच्या नागपुरात, काटोल रोडवर. तिची मुळं 1896 च्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेटपर्यंत जातात. भाऊजी खाणीत कामाला, त्यामुळे ताईच्या दिवाणखान्यात शोभेला म्हणून एक काळा जडशीळ दगड ठेवलेला असतो. हात लावला की बोटं काळी. यातलं बहुतेक मँगनीज पोलादासाठी जातं. पण पोलादाच्या कितीतरी आधी, रोमन काळापासून, माणसाने हा दगड वापरला तो काचेसाठी.

काच वाळूची बनते आणि वाळूत लोखंड असतंच. त्यामुळे साधी काच हिरवट-पिवळट येते, जुन्या बाटल्यांसारखी. वाळूतून लोखंड काढणं त्या काळी अशक्य. मग काचवाल्यांनी वितळलेल्या रसात चिमूटभर मँगनीजचा काळा दगड टाकला, आणि काच पाण्यासारखी नितळ झाली. होतं असं की मँगनीज काचेत जांभळा रंग देतं, आणि तो जांभळा लोखंडाच्या पिवळसरपणाला मारतो. लोखंड तिथेच राहतं, त्याचा रंग तेवढा दिसेनासा होतो. काचेला नीळ दिली म्हणा ना! युरोपातल्या काचवाल्यांनी या दगडाला 'काचेचा साबण' असं नावच पाडलं होतं. मँगनीज डायऑक्साइडच्या खनिजाचं शास्त्रीय नाव पायरोलुसाइट. ग्रीकमध्ये पायर म्हणजे अग्नी आणि लुसिस म्हणजे धुणं. अग्नीत धुणारा. बालाघाटच्या खनिजात ब्रॉनाइट मुख्य, पण पायरोलुसाइटही सापडतो.

म्हणजे पिवळ्याला जांभळ्याने मारायची जी विद्या भाचीला हवी होती, ती तिच्याच गावाच्या जमिनीखाली होती आणि तिच्याच घरात टीव्हीशेजारी ठेवलेली होती. हे मी तिला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, तो दगड केसांना लावायचा का?" नाही गं बाई! लावायचा तर मुळीच नाही. पेरॉक्साइडची आणि त्या दगडाची गाठ पडली तर काय होतं ते शाळेच्या प्रयोगशाळेत सगळ्यांनी पाहिलंय: पेरॉक्साइडमध्ये चिमूटभर मँगनीज डायऑक्साइड टाकलं की तडतडत फेस येतो आणि सगळा ऑक्सिजन क्षणात उडून जातो. टॉर्चच्या जुन्या सेलमधली काळी भुकटी फोडून आम्ही हातावर घ्यायचो, तीही मुख्यतः हीच. धातूंच्या या खोडीमुळेच ब्लीच कालवायला प्लास्टिकची वाटी घेतात, धातूची कधीच नाही. आणि केसांवर आधी धातूचे क्षार असलेली एखादी काळी मेंदी बसलेली असेल, तर ब्लीच लावताच बट गरम होते, कधी चक्क वाफाळते. म्हणून आधी काय काय लावलं होतं ते पार्लरवालीपासून लपवू नये.

काचवाल्यांची चूकही पार्लरसारखीच होती. मँगनीज जास्त पडलं तर काच जांभळी. शिवाय प्रमाण बरोबर असलं तरी वर्षानुवर्षं ऊन खाऊन काचेतलं मँगनीज आपलं रूप बदलतं आणि लपलेला जांभळा वर येतो. अमेरिकेत बॉस्टनच्या बीकन हिल भागात एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला बसवलेली अशी तावदानं आहेत. बसवली तेव्हा पांढरी होती, उन्हाने जांभळी झाली. आता लोक ती मुद्दाम जपतात. जांभळा शाम्पू रोज लावणाऱ्या मुलीच्या टोकांची तीच गत होते. ब्लीचने पोकळ झालेली टोकं रंग जास्त पितात आणि जांभळाच्या डागासारखी दिसू लागतात. तिला मात्र कोणी जपत नाही.

जिल्ह्यातलं दुसरं खनिजही केसांच्या गोष्टीत येतं, ते तांबं. बालाघाट जिल्ह्यातच मलाजखंडला हिंदुस्थान कॉपरची तांब्याची मोठी खाण आहे, 1982 पासून चालू. सोनेरी केस पोहण्याच्या तलावात हिरवे होतात आणि सगळे क्लोरीनला शिव्या देतात. हिरवा रंग असतो तांब्याचा. तलावातलं शेवाळ मारायला मोरचूद टाकतात, नाहीतर तांब्याच्या नळांतून ते पाण्यात उतरतं. ब्लीच केलेल्या केसात तुटलेल्या गंधकबंधांच्या जागी ऋणभार तयार झालेले असतात, आणि ते तांब्याचे कण धरून ठेवतात. स्वीडनमधल्या अँडर्सलोव्ह गावात 2011 साली नव्या घरांतल्या लोकांचे फिकट केस असेच हिरवे झाले; नळांतलं गरम पाणी तांबं सोडवत होतं. परदेशांत अशा केसांना टोमॅटो केचप फासण्याचा घरगुती उपाय करतात. आंबटाने थोडं तांबं सुटतं आणि केचपची लाली हिरव्याला दाबते. ऐकायला वेडगळ आहे खरं, पण तांब्याची भांडी चिंचेने लख्ख करणाऱ्या आपण त्याला हसू नये.

बिघडलेल्या झाकेत डोळ्याचा भाग किती, हेही पाहावं. पॅरिसच्या गोबेलँ या विणकामाच्या कारखान्यात रसायनज्ञ शेव्ह्रल 1824 मध्ये रंगखात्याचा प्रमुख झाला, तेव्हा काळ्या सुताचा काळा फिका पडतो अशी तक्रार होती. त्याने सूत तपासलं, त्यात खोट नव्हती. शेजारच्या रंगांमुळे तो फिका दिसत होता. भाचीच्या काळ्याभोर केसांत पिवळी बट जितकी पिवळी ओरडते, तितकी ती तपकिरी केसांत ओरडली नसती. त्यातून पार्लरचा पिवळा दिवा. मी तिला सांगितलं, सकाळी अंगणात सावलीत उभं राहून फोटो पाठव. निम्मी नसली तरी पाव भीती तिथेच कमी झाली.

शेवटी तिने दुसरं पार्लर गाठलं. तिथल्या बाईंनी पहिल्यांदा तिचे केस ओले करून एक केस बोटांत ताणून पाहिला आणि ब्लीचचा डबा आत ठेवून दिला. मला त्या बाई तेव्हाच आवडल्या. मग कानामागची एक बट घेऊन तिच्यावर टोनर लावून पाहिला. नारिंगी भागाला लेव्हल 7 चा निळसर, टाळूजवळच्या पिवळ्याला जांभळट, दोन वेगळ्या वाट्यांत, 10 व्हॉल्यूमच्या सौम्य डेव्हलपरमध्ये. दर दोन मिनिटांनी एक बट पुसून बघत होत्या. काही पिवळ्या बटा त्यांनी मुद्दाम गडद करून काळ्यात मिसळून टाकल्या, म्हणजे शेजारच निवला. राखेरी सोनेरी काही आला नाही; सहावर अडकलेल्या केसांवर तो येतच नाही. आला तो बदामाच्या सालीसारखा, उन्हात मधासारखा दिसणारा तपकिरी. पोरीने आधी नाक मुरडलं, मग सेल्फी काढला.

त्यांनी पहिल्या दिवशी पॅच टेस्टचा आग्रह धरून कानामागे थेंबभर रंग लावला आणि 48 तास थांबायला लावलं, हे मी मुद्दाम सांगते. रंगांतल्या पीपीडी या रसायनाची ॲलर्जी साधी नसते, आणि ब्लीचमधल्या परसल्फेटने पार्लरवाल्यांनाच दमा लागल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत. खिडकी उघडी असलेलं पार्लर निवडावं. एसी असून नसून सारखा.

आणि हळद! सगळ्यात मोठी भीती मला तिची होती. ब्लीच झालेला केस टीपकागदासारखा, हळदीतलं कर्क्युमिन असलं काही सोडत नाही. नऊ दिवसांची मेहनत नवरदेवाच्या हळदीत पाच मिनिटांत पिवळी झाली असती. मी दुपट्टा घट्ट बांधायला सांगितला. तिने बांधला, तरी एका चुलतबहिणीने मागून ओंजळभर चोळलीच. पण कर्क्युमिनला ऊन सोसत नाही. मे महिना होता. दुसऱ्या दिवशी दोन तास ओल्या बटा उन्हात धरल्यावर डाग बराचसा उडाला, व्हेनिसच्या गच्चीवर बसावं तशी पोरगी बालाघाटच्या गच्चीवर बसली.

लग्नात आजींनी तिला जवळ ओढून बटा बोटांत धरून पाहिल्या. "नीळच दिली ना शेवटी?" म्हणाल्या. मी हो म्हटलं.

टोनर चार-सहा आठवड्यांत धुऊन जातो, त्यामुळे जुलैत पुन्हा थोडं पितळ दिसू लागलं. आता ती आठवड्यातून एकदा निळा शाम्पू लावते आणि दोन मिनिटांत धुते. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतात. दिवाळीला ती नागपुरात आली, तेव्हा टाळूपासून चार बोटं काळी झाली होती.